खारींतील मीठ : तें विरघळतें कां आणि जात नाहीं कां

पनवेलच्या खाडीकांठच्या शेतकऱ्यास मीठ म्हणजे काय हें सांगावयास नको. उधाणाच्या भरतीनें बांधास खांड पडली आणि खारें पाणी शेतांत शिरलें, म्हणजे त्या वर्षाचें भात तर जातेंच, पण पुढेंही कांहीं वर्षें त्या जमिनींत दाणा धड पिकत नाहीं. असें झालें कीं गांवांत एक प्रश्न हटकून निघतो. मीठ पाण्यांत चटकन विरघळतें. आपल्याकडे पाऊस सुमारें तीन हजार मिलिमीटर पडतो. मग एवढ्या पावसानें एका आषाढांतच सगळें मीठ धुऊन कां जाऊं नये? प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर द्यावयाचें तर मीठ पाण्यांत विरघळतें म्हणजे नेमकें काय होतें, तेथपर्यंत खोल उतरावें लागतें. तेवढी तसदी वाचकांनीं घ्यावी. कारण जिप्सम, सुपरफॉस्फेट, युरिया व निंबोळीचें तेल यांच्या वागणुकीची किल्लीही तेथेंच सांपडते.

प्रथम पाण्याचा विचार करूं. पाण्याच्या एका रेणूंत ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणु असतात. हे अणु एकमेकांस धरून राहतात तें इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीनें. दोघांनीं आपापला एकेक इलेक्ट्रॉन सामाईकांत घालावयाचा व दोघांनींही त्यांवर हक्क ठेवावयाचा, असा हा व्यवहार आहे. यास सहसंयुज बंध म्हणतात. परंतु सामाईक विहिरीवर जबर भाऊबंदाची पाळी जशी लांबत जाते, तसेंच येथेंही होतें. ऑक्सिजनची ओढ मोठी, हायड्रोजनची लहान. म्हणून सामाईक इलेक्ट्रॉन बहुतेक काळ ऑक्सिजनच्या अंगास राहतात. इलेक्ट्रॉन ऋण भाराचा असल्यामुळें ऑक्सिजनची बाजू किंचित् ऋण होते व हायड्रोजनची बाजू किंचित् धन राहते. हे तीन अणु एका सरळ रेषेंत असते तर ही ओढाताण दोहों बाजूंनीं सारखी होऊन फिटली असती. पण पाण्याचा रेणु मध्येंच वांकलेला असतो. ऑक्सिजन हें बैलाचें मस्तक मानलें तर हायड्रोजनचे दोन अणु हे शिंगांच्या टोंकांशीं आहेत, व त्या शिंगांमधील कोन सुमारें १०४.५ अंशांचा आहे. त्यामुळें सबंध रेणूस एक ऋण टोंक व एक धन टोंक येतें. अशा दोन टोंकांच्या रेणूस ध्रुवीय म्हणतात, आणि पाण्याचे बहुतेक सारे गुण या एका ध्रुवतेंतून निघालेले आहेत.

मिठाचा बंध निराळ्या जातीचा आहे. तेथें भागीदारी नाहीं, सरळ खरेदीखत आहे. सोडियमचा अणु आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनच्या अणूस देऊन मोकळा होतो. देणारा धन झाला, घेणारा ऋण झाला. अशा भारित कणांस आयन म्हणतात व विरुद्ध भारांच्या ओढीनें जो बंध होतो तो आयनिक बंध. मिठाच्या खड्यांत हे आयन एकाआड एक, चहूं दिशांनीं, विटा रचाव्या तसे रचलेले असतात. ही रचना इतकी पक्की आहे कीं खडा वितळवावयाचा तर ८०१ अंश सेल्सियस उष्णता लागते. तोच खडा गार पाण्यांत मात्र पाहतां पाहतां नाहींसा होतो! कारण पाण्याचे रेणु त्याच्या कडांशीं येतात, आपलें ऋण टोंक सोडियमकडे व धन टोंक क्लोराइडकडे करतात, आणि एकेक आयन सुटा करून त्याभोंवतीं कडें करून उभे राहतात. एकटा पाण्याचा रेणु दुबळा खरा, पण एकेका आयनाभोंवतीं त्यांचा घोळकाच असतो. अशा रीतीनें एका लिटर पाण्यांत सुमारें ३६० ग्रॅम मीठ मावतें. पाणी ऊन असो वा गार, त्यांत फारसा फरक पडत नाहीं.

आतां हिशेब करूं. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात व त्यांतला तीन चतुर्थांशांहून अधिक भाग साध्या मिठाचा असतो. पावसाळ्यांत गाढी व कासाडी नद्यांच्या पुरानें खाडीचें पाणी पुष्कळ गोडें होतें, तें सोडून देऊं. उन्हाळी उधाणाचें पाणी धरूं. असें पाणी एक गुंठा शेतांत १० सेंटिमीटर उभें राहून सुकलें, तर तें पाणी झालें सुमारें १०,००० लिटर, आणि त्यांतले क्षार सुमारें ३५० किलो. एकरास चौदा टन. आंकडा पाहून छाती दडपते. परंतु सगळे क्षार मीठच आहेत असें धरलें, तरी ३५० किलो मीठ विरघळवावयास पाणी किती पुरे? लिटरास ३६० ग्रॅम या मानानें १,००० लिटर. म्हणजे त्याच गुंठ्यावर अवघा १ सेंटिमीटर पाऊस. मृगाच्या एका चांगल्या सरींत एवढें पाणी पडून जातें.

तेव्हां विरघळण्याची अडचण मुळींच नाहीं. अडचण आहे ती विरघळलेलें मीठ शेताबाहेर जाण्याची. हा भेद नीट ध्यानांत न घेतल्यानें पुष्कळ ठिकाणीं पैसा व मेहनत चुकीच्या जागीं खर्च होते.

सर्वच क्षार मिठासारखे सढळ नसतात, हें येथें सांगितलें पाहिजे. त्या गुंठ्यावर मिठाऐवजीं ३५० किलो जिप्सम असतें तर तें विरघळण्यास १४६ सेंटिमीटर पाऊस, म्हणजे जवळजवळ अर्धा पावसाळा लागला असता. कारण जिप्सम लिटरास सुमारें २.४ ग्रॅमच विरघळतें. आणि चुनखडी असती तर? निव्वळ पाण्यांत ती लिटरास सुमारें ०.०१४ ग्रॅम विरघळते. ३५० किलोस अडीच कोटि लिटर पाणी, म्हणजे आपल्याकडील ऐंशी पावसाळे! मातींतील पाण्यांत कार्बन डायॉक्साइड मिसळलेला असल्यानें प्रत्यक्षांत चुनखडी याहून कित्येक पट लवकर विरघळते, तरी मिठाची सर तीस कोठून येणार? याचें कारण पुन्हां बंधांतच आहे. मिठांत दोन्ही आयनांवर एकेक भार. जिप्सम व चुनखडींत कॅल्शियमवर दोन धन भार, व समोरच्या सल्फेटावर किंवा कार्बोनेटावर दोन ऋण भार. दुहेरी भारांची ओढ एकेरीहून पुष्कळ अधिक, म्हणून पाण्याच्या घोळक्यास ती गांठ सुटत नाहीं. हा नियम सर्वत्र लागू पडतो असें मात्र समजूं नये. मॅग्नेशियम सल्फेटांतही दोन्हीकडे दुहेरी भार आहेत, तरी तें पाण्यांत भरपूर विरघळतें. कारण मॅग्नेशियमचा आयन लहान असल्यानें पाण्याचे रेणु त्यास विशेष घट्ट कवटाळतात. खड्यांतली ओढ व पाण्याची ओढ यांचा सामना असतो, आणि ज्याचें पारडें जड तो जिंकतो.

उरण व पेणकडील मिठागरांत हा सामना डोळ्यांनीं पाहावयास मिळे. खाडीचें पाणी वाफ्यांत घेऊन उन्हानें आटवूं लागलें कीं आधीं चुनखडीचा अंश खालीं बसतो. मूळ पाण्याचा सुमारें पांचवा हिस्सा उरला म्हणजे जिप्सम बसूं लागतें. दहावा हिस्सा उरला कीं मीठ धरतें. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यांतच राहतात. तें कडू पाणी आगरी लोक काढून टाकीत. तें पुरतें न काढलें तर मिठांत मॅग्नेशियम क्लोराइड राहतें, आणि पावसाळी हवेंत मिठाच्या बरणीस पाणी सुटतें तें पुष्कळ अंशीं त्याच्यामुळें. ज्यास पाण्याची ओढ अधिक तो हवेंतलेंही पाणी ओढून घेतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विरघळलेलें मीठ शेताबाहेर कां जात नाहीं? पहिलें कारण साधें आहे : पाण्यास वाटच नसते. खार समुद्राच्या सपाटीस किंवा तिच्याही खालीं. ओहोटीच्या वेळीं उघाडी उघडून पाणी गेलें तरच तें मीठ घेऊन जाणार. उघाडीसमोर गाळ सांचला, आंतल्या चरी बुजल्या, किंवा शेजारीं भराव होऊन जुनी नाळ बंद झाली, म्हणजे पाऊस शेतांतच उभा राहतो व मीठ त्यांत जागच्या जागीं हेलकावे खातें. पूर्वीं बाहेरचे बांध राखण्याची जोखीम शिलोत्रीदारांवर असे. पुढें १९४८ सालीं मुंबई खार जमीन कायदा झाला व १९७९ सालीं महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम आला. बांध कोणी बांधावा यावर एवढें कायदेकानू झाले, परंतु आंतल्या चरीच्या गाळाकडे लक्ष फारच कमी गेलें आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यापासून नव्या मुंबईसाठीं खाडीकांठचीं पुष्कळ शेतें गेलीं; जीं उरलीं त्यांच्या पाण्याच्या वाटा कोणी पाहावयाच्या, हा प्रश्न आज बांधाइतकाच निकडीचा आहे.

दुसरें कारण उन्हाळ्याचें. भात निघाल्यावर शेत उघडें पडतें. खालचें खारें पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें, वर चढतें. वर आल्यावर पाणी वाफ होऊन जातें, पण मिठाचे आयन पाण्याचें कडें सोडून हवेंत उडूं शकत नाहींत. ते तेथेंच राहून पुन्हां खडा बनतात. फाल्गुन-चैत्रांत खारींत पांढरा पापुद्रा दिसतो तो हाच. पावसाळ्यानें जें खालीं नेलें तें उन्हाळ्यानें वर आणून ठेविलें. म्हणून कापणीनंतर ओल असतांच नांगरट करून वरचा थर मोकळा करावा, किंवा पेंढ्याचें आच्छादन घालावें. वात तुटली कीं तेल चढत नाहीं.

तिसरें कारण मातीच्याच अंगीं आहे, आणि तें सर्वांत कमी लोकांस ठाऊक असतें. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांवर कायमचा ऋण भार असतो. त्यामुळें धन भाराचे आयन त्या कणांस चिकटून राहतात. ही गोष्ट इंग्लंडांत जे. टी. वे यानें १८५० सालीं प्रयोगांनीं दाखविली, व ती प्रसिद्ध झाली तीही एका शेतकी संस्थेच्याच नियतकालिकांत, हें आपल्या वाचकांस ऐकून बरें वाटेल. समुद्राचें पाणी मुरलें कीं सोडियम मातीच्या कणांवर ठाण मांडतो. नंतर पाऊस पडतो, क्लोराइड वाहून जातें, सुटें मीठ कमी होतें. पण कणांस चिकटलेला सोडियम गोड्या पाण्यानें हलत नाहीं. सोडियमवर एकच भार, आणि त्याभोंवतीं पाण्याचें जाड कडें. त्यामुळें तो मातीचे कण एकमेकांशीं नीट बांधूं शकत नाहीं. मीठ असेपर्यंत माती बांधून असते. मीठ गेलें आणि सोडियम राहिला, कीं कण फुगून सुटे होतात, छिद्रें बुजतात व पाणी खालीं जाईनासें होतें. जमीन ओली असतां चिकट व सुकतां दगडासारखी. हीच चोपण. म्हणजे अर्धवट धुतलेली खार कधीं कधीं न धुतलेल्या खारीपेक्षां वाईट!

यावर उपाय जिप्सम. त्यांतला कॅल्शियम दुहेरी भाराचा असल्यानें सोडियमास हुसकून कणावर बसतो. सुटलेला सोडियम सल्फेटाबरोबर पाण्यांत जातो. हॉलंडांत १९५३ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं समुद्र फुटून झीलंड प्रांतांत मोठा प्रलय झाला, तेव्हां तेथील शेतें सुधारण्यास जिप्समाचाच आधार घेतला गेला. जिप्सम मंद विरघळतें हा येथें त्याचा गुण आहे. गुंठ्यास २० किलो घातलें तर तें विरघळण्यास सुमारें ८ सेंटिमीटर पाऊस पुरतो, आणि तोंवर कॅल्शियम थोडथोडा मिळत राहतो. पण पाण्यास वाट नसेल तर जिप्सम घालणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय. शिवाय आपल्याकडील प्रत्येक खारीस तें लागतेंच असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं नुसतें निचऱ्याचें काम आहे. मातीचा सामू ८.५ च्या वर व चिकटलेल्या सोडियमचें प्रमाण शेंकडा १५ च्या वर असेल तरच ती चोपण समजतात. विद्युद्वाहकता ४ डेसिसायमनच्या वर असेल पण सामू व सोडियम या मर्यादांच्या आंत असतील, तर ती नुसती क्षारयुक्त. हे आंकडे माती तपासूनच कळतात. पनवेल येथें कोंकण कृषि विद्यापीठाचें खार जमीन संशोधन केंद्र आहे, व पनवेल १, २ व ३ हे खाऱ्या जमिनींत तग धरणारे भाताचे वाण त्याच केंद्रानें दिलेले आहेत. घरच्या घरीं अटकळ बांधावयाची असेल तर शेतांतलें सुकें ढेकूळ कांचेच्या पेल्यांत पागोळीच्या पाण्यांत अलगद सोडावें व न हलवितां ठेवावें. कांहीं तासांनीं ढेंकळाभोंवतीं दुधासारखें गढूळ वलय पसरलें, तर सोडियमचा संशय धरावा. पाणी निवळ राहिलें तर एक तर जमीन ठीक आहे, किंवा तिच्यांत अद्याप मीठ भरपूर आहे. यांतलें कोणतें तें जिभेसही कळतें.

पहिला पाऊस पडला कीं चोंढ्यांत पाणी अडवून दोन-चार दिवस ठेवावें व ओहोटी साधून सोडून द्यावें. पेरणीपूर्वीं असें जितक्या वेळां साधेल तितकें चांगलें. गुंठ्यावरून १,००० लिटर पाणी बाहेर गेलें व त्यांत लिटरास अवघें ५ ग्रॅम मीठ असलें, तरी एका खेपेस ५ किलो मीठ गेलें. मोड आलेलें रहूचें बीं फेंकण्याची घाई जे करतात, ते त्या पहिल्या दोन खेपांचें पाणी वाचवूं पाहतात, आणि कोंवळा मोड तर मिठास सर्वांत भितो.

खतांविषयीं थोडेंसें. हाडांत व खडकांत फॉस्फेट असतें, पण तें पिकांस मिळत नाहीं; कारण फॉस्फेटाच्या आयनावर तीन ऋण भार असून कॅल्शियमनें तो घट्ट बांधलेला असतो. इंग्लंडांत जॉन बेनेट लॉज यानें १८४२ सालीं त्यावर गंधकाम्ल घालून सुपरफॉस्फेट करण्याचें पेटंट घेतलें. अम्लांतला हायड्रोजन फॉस्फेटास जोडला जाऊन त्याचा भार तीनवरून एकावर येतो, गांठ सैल होते व तें पाण्यांत विरघळूं लागतें. त्या क्रियेंत जिप्समही तयार होऊन खतांतच राहतें. मात्र आपल्या तांबड्या वरकस जमिनींत लोह व ॲल्युमिनियम या फॉस्फेटास पुन्हां बांधून टाकतात. म्हणून तेथें तें फेंकून न देतां मुळांजवळ पेरावें.

युरियाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांत आयन नाहींत, सगळे बंध भागीदारीचे. तरी तो जवळजवळ आपल्या वजनाइतक्याच पाण्यांत विरघळतो. कारण त्याचा रेणु पाण्याप्रमाणेंच ध्रुवीय आहे व पाण्याशीं हायड्रोजनद्वारां हातमिळवणी करतो. त्याचा खडा मोडण्यास लागणारी उष्णता तो पाण्यांतूनच घेतो, म्हणून युरिया कालवितांना बादली थंडगार लागते. भार नसल्यामुळें माती त्यास धरीत नाहीं. चार दिवसांत त्याचा अमोनियम होईपर्यंत तो पाण्याबरोबर जिकडे पाणी तिकडे जातो. झड लागलेली असतां युरिया फेंकणें म्हणजे खाडीस खत घालणें. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतींत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मध्यें चिखलांत खोल खोंचतात. हेक्टरास अशा ६२,५०० गोळ्या लागतात. गोळी खोल असल्यानें अमोनियम तेथल्या तेथें मातीच्या ऋण कणांस चिकटतो, वरच्या पाण्यांत येत नाहीं. रहूच्या फेंकलेल्या पिकांत असे चौकोन साधत नाहींत, तेथें युरिया दोन-तीन हप्त्यांनीं पाणी कमी करूनच द्यावा.

राहतां राहिलें निंबोळीचें तेल. तेलाच्या रेणूंतही भागीदारीचेच बंध आहेत, पण त्याच्या लांब शेपटांत कार्बन व हायड्रोजन यांची ओढ बहुतेक सारखी. टोंकें पडत नाहींत. पाण्याचे रेणु आपसांतली मिठी सोडून अशा परक्यास जागा देत नाहींत, म्हणून तेल वर तरंगतें. साबणाच्या रेणूचें एक टोंक मिठासारखें भारित व शेपूट तेलासारखें. तो मध्यस्थ होऊन तेलाचे थेंब पाण्यांत पसरून धरतो. परंतु खारपट्टींतील विहिरींच्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम पुष्कळ असतें. ते साबणाच्या भारित टोंकास दुहेरी भारानें धरतात, साबणाच्या गुठळ्या होतात, फेंस येत नाहीं, व फवारणींत तेल वेगळें होऊन पानें करपतात. फवारणीसाठीं पागोळीचें किंवा नदीचें पाणी घ्यावें. तें न मिळेल तर घरांतल्या भांड्यांत आधीं थोडें पाणी, साबण व तेल कालवून पाहावें. घटकाभरांत तेलाची तंवग वर आली तर तें पाणी पंपांत भरूं नये.